काच नसलेला चष्मा

मी चष्मा. नाकावर बसतो आणि कान धरून राहतो, तोच. तुम्ही म्हणाल, यात सांगण्यासारखं काय आहे, घरोघरी चष्मे असतात. असतात खरे. पण माझ्यात काच नाही. दोन्ही बाजूंना नुसती रिकामी भोकं आहेत, आणि तरीही एक माणूस मला रोज शर्टाच्या खिशातून जपून नेतो. त्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं विचारण्याआधी माझं जरा ऐकून घ्या.

जन्माबद्दल फारसं सांगत नाही. तपकिरी प्लॅस्टिक वितळलं, साच्यात पडलं, थंड झालं आणि मी झालो. आकाराने लहान निघालो म्हणून चष्म्याच्या दुकानात मला खालच्या खणात, मुलांच्या फ्रेमांत जागा मिळाली. वरच्या फळीवरच्या सोनेरी दांड्यांच्या फ्रेमा आमच्याकडे बघतही नसत. मीही त्यांच्याकडे बघत नसे. चष्म्याला थोडा ताठा असतोच, नाकावर बसणाऱ्याला तो शोभतो.

त्या खणातून मी माणसं बघितली. आरशासमोर येऊन, आमच्यापैकी एकाला चढवून, माणसं स्वतःलाच ओळखीचं हसतात. डोक्यावर सरकवलेला चष्मा सगळ्या दुकानात शोधतात. आणि जवळपास प्रत्येक जण पहिल्यांदा नंबर लागल्यावर एकदा तरी म्हणतो, "मला तसा लागत नाही, पण असू दे." मला मात्र लागणारं कोणीतरी हवं होतं. ज्याला माझ्यावाचून दिसणार नाही असं. कामाला यावं, एवढीच हाव होती मला.

एक दिवस एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी दुसरीत होती. एका जागी पाय ठरत नसत म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत, आणि मीही तिला तेच म्हणणार आहे. आई दुकानदाराला म्हणाली, "काका, हिच्या बाईंनी सांगितलंय डोळे तपासून घ्या म्हणून. फळ्यावरचं दिसत नाही म्हणते."

चष्मेवाले काका भला माणूस. पण दुकानात गर्दी होती आणि हातात दहा कामं. त्यांनी भिंगरीला स्टुलावर बसवलं आणि समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. तक्ता अक्षरांचा होता. वर मोठी अक्षरं, खाली उतरत बारीक होत गेलेली.

"वाच बरं बाळ, वरून."

भिंगरी गप्प.

"दिसत नाही?"

तिने मान हलवली. त्या मान हलवण्यात केवढी सुटका होती, ते मला फार नंतर कळलं. काकांनी तिच्या डोळ्यांवर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच बदलत राहिले. "आता? आता बघ. आता?" भिंगरी काकांच्या चेहऱ्याकडे बघायची आणि अंदाजाने एखादं अक्षर बोलून मोकळी व्हायची. चुकलं की काका दुसरी काच घालत. शेवटी एका काचेच्या वेळी तिचे दोन अंदाज लागोपाठ बरोबर आले. काका खूश झाले. "हां, सापडला नंबर. फार नाही, पाऊण आहे."

दुसरीतल्या मुलीला अक्षरं येतच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. चित्रांचा तक्ता काकांकडे नव्हता, आणि असता तरी त्यांनी काढला नसता. जिला अक्षर ओळखू येत नाही तिला अक्षर दाखवून डोळे तपासले, आणि डोळ्यांत दोष आहे असं ठरलं. यात ठरवून खोटं कोणीच बोललं नव्हतं, म्हणून तर चूक पकडली गेली नाही.

खणातून मला काढलं तेव्हा मी हरखून गेलो होतो. माझ्यात काचा बसल्या. भिंगरीच्या नाकावर मी पहिल्यांदा टेकलो तेव्हा आई म्हणाली, "आता बघ कशी घडाघडा वाचशील!" आणि त्या माउलीचे डोळे भरून आले. कित्येक महिने ती मुलीला घेऊन रोज संध्याकाळी बसत होती, ओरडत होती, मग ओरडल्याबद्दल रडत होती. आता तिला कारण मिळालं होतं. कारण मिळालं की माणसाला निम्मं बरं वाटतं.

शाळेत वर्गाच्या बाईंनी भिंगरीला पहिल्या बाकावर आणलं. "शाब्बास, चष्मा आला का? चल, आज तुझ्यापासून सुरुवात."

फळा समोर होता. मी माझं काम चोख करायला बसलो. आणि तेव्हा मला पहिला धक्का बसला. करायला कामच नव्हतं. तिच्या डोळ्यांना फळा दिसत होता, फळ्याच्या चौकटीतला खिळा दिसत होता, बाईंच्या बाहीवरची खडूची धूळसुद्धा दिसत होती. अक्षरं तर दिसतच होती, काळ्यावर पांढरी, स्वच्छ. पण तिची नजर त्या अक्षरांवर टेकायची आणि घसरायची. पुन्हा टेकायची, पुन्हा घसरायची. मघाशी ओळखलेलं अक्षर पुढच्या ओळीत आलं की ती ते नव्यानेच बघायची. जगाला भिंगरीचा चेहरा दिसत होता. मी तिच्या डोळ्यांच्या इतक्या जवळ बसलो होतो की त्यांची वणवण मला दिसली. ही मुलगी आळशी नव्हती हो. वर्गात तिच्याएवढी मेहनत कोणाचेच डोळे करत नव्हते.

मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आम्हाला नाक मिळतं, कान मिळतात, तोंड मिळत नाही.

भिंगरीचं घर दोन खोल्यांचं, आणि पुढच्या बाजूला तिच्या वडिलांचं दुकान. जळलेल्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या. पाण्याचे पंप, पंखे, कसल्या कसल्या यंत्रांच्या. ते आतली जळकी तार काढून टाकत आणि नवी तांब्याची तार वेढे मोजत भरत. वाइंडिंगचं काम. हात असे चालायचे की बघत राहावं. एखाद्या मोटारीत किती वेढे, कुठल्या जाडीची तार, सगळं डोक्यात. एकदा बघितलं की विसरायचं नाव नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम चष्म्याचं एक घर असायचं. जुनं, काळं, कडा झिजलेलं. मी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे टक लावून होतो. म्हटलं, चला, घरात आपल्या जातीचं कोणीतरी आहे. पण आतला चष्मा काही दर्शन देईना. गिऱ्हाईक एखादा कागद पुढे करायचं, "जरा बघता का, यात काय लिहिलंय कंपनीनं?" आणि बाबा खिसा चाचपून म्हणायचे, "वाचायचा चष्मा आत राहिलाय. तुम्हीच वाचा ना." बाहेर कुठे गेले तर म्हणायचे, "चष्मा घरी राहिला." ते इतक्या सहज म्हणायचे की कोणाला काही वाटायचं नाही. संध्याकाळी आई दिवसभराचे कागद हळू आवाजात वाचून दाखवायची आणि बाबा समोरच्या भिंतीकडे बघत ऐकायचे. लग्न झाल्यापासून असंच चाललं असावं, कारण त्यावर दोघं कधी एक शब्द बोलत नसत.

एकदा माझ्या दांडीचा बारीक स्क्रू सैल झाला. भिंगरी मला घेऊन दुकानात गेली. "बाबा, हा हलतोय." बाबांनी मला हातात घेतलं, तिच्याकडे पाठ केली, खिशातलं ते काळं घर काढलं आणि उघडलं. आत चष्मा नव्हता. एक अगदी छोटा पेचकस होता, तारेचे तुकडे होते, पॉलिश पेपरची घडी होती. चष्मा त्यात कधी राहिलाच नव्हता, त्याच्या आकाराची जागाच उरली नव्हती. बाबांनी पेचकसाने माझा स्क्रू आवळला, घर बंद केलं आणि खिशात ठेवून वर एक थाप मारली.

मग मला सगळं उलगडलं. फळ्यापुढे उभं राहिल्यावर काय म्हणायचं, हे भिंगरी कुठून शिकली होती ते. वाचता येत नाही असं तिच्या घरात कोणी कधी म्हटलंच नव्हतं. दिसत नाही, एवढंच म्हणायची त्या घरात सोय होती.

दिवस गेले आणि माझा तोरा उतरत गेला. चष्मा येऊनही वाचन येईना, तेव्हा बाईंचा सूर बदलला. बाई वाईट नव्हत्या. वर्गात मुलं खच्चून भरलेली, प्रत्येकापाशी किती थांबणार? "आता तर चष्माही आहे. आता कसलं कारण सांगतेस?" त्या म्हणाल्या. 'लक्ष देत नाही' हे त्यांनी आईला सांगितलं, मग 'मुद्दाम करते' हेही सांगितलं. मुलं तिला 'चार डोळे, शून्य गुण' म्हणू लागली. मुलांना कविता पटकन सुचते.

भिंगरीने एक युक्ती काढली. वाचायची पाळी जवळ आली की ती मला काढायची, तोंडाजवळ धरून हाऽऽ करायची आणि फ्रॉकच्या टोकाने पुसत बसायची. पुन्हा हाऽऽ, पुन्हा पुसणं. इतका स्वच्छ चष्मा पृथ्वीच्या पाठीवर मी एकटाच असेन. बाई वैतागून पुढच्या मुलाकडे वळायच्या आणि भिंगरी मला परत नाकावर चढवायची. ज्याला लागावं म्हणून मी तळमळत होतो, ते माणूस मला मिळालं होतं खरं. पण बघण्यासाठी नव्हे, लपण्यासाठी.

मग रोज सकाळी तिच्या पोटात दुखू लागलं. एक दिवस ती जमिनीला खिळून बसली आणि म्हणाली, "मी शाळेत जाणार नाही. मी बाबांबरोबर दुकानात बसणार."

आई चिडली. बाबा मात्र तारेचं टोक सोलत शांतपणे म्हणाले, "बसू दे. हात चांगला आहे तिचा."

"हात चांगला आहे म्हणून शाळा सोडायची? दुसरीत?"

"मी नाही सोडली? माझं काय अडलं?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. काय काय अडलं ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? बाबांनी मान खाली घातली आणि वेढे मोजायला घेतले, आणि मी पाहिलं, ते मोजताना चुकले. मला त्या दिवशी भीती वाटली. ते मुलीला मायेनेच जवळ ओढत होते. आपण ज्या खोलीत जन्म काढला त्याच खोलीत तिला बसवून दार लावून घेणार होते, आणि तिला ते सुखाचं वाटणार होतं.

त्याच सुमारास शाळेत एक नवे सर यायला लागले. ते कुठल्या एका वर्गाचे नव्हते. ज्या मुलांचं शिकण्यात कुठेतरी अडतं, त्यांच्यासाठी ते आठवड्यातून काही दिवस यायचे, आणि खांद्याला एक मोठी कापडी पिशवी असायची. मुलांनी लगेच पिशवीसर नाव ठेवलं. त्यांना बारा महिने सर्दी असे. बाईंनी भिंगरीला त्यांच्याकडे पाठवलं तेव्हा ते शिंकतच होते.

"ये. बस. तुझा आवडता धडा कुठला?"

भिंगरीने पुस्तक उघडलं आणि चित्र बघून पाठ असलेला धडा घडाघडा म्हटला. बोटही ओळीवरून फिरवलं. सर खूश झाले, "अरे वा!" म्हणाले. मी हिरमुसलो, म्हटलं हेही फसले. पण तिचं बोट ओळीच्या शेवटी पोचलं तरी तोंडातलं वाक्य अजून मधेच होतं, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी सहज म्हणून पान उलटलं आणि चित्रावर तळहात ठेवला. भिंगरी थांबली. तिने हात वर नेला, मला काढलं आणि हाऽऽ केलं.

"पुस, पुस. निवांत पुस," सर म्हणाले. "मला सांग, खिडकीतून ती पाण्याची टाकी दिसते? तिच्यावर काय आहे?"

"कबुतरं," भिंगरी म्हणाली. मी तिच्या हातात होतो, नाकावर नव्हतो. "एकाचा पाय लंगडा आहे."

सरांनी डोळे बारीक करून बघितलं. त्यांना टाकीवर काहीतरी राखाडी हलतंय एवढंच दिसत असावं. त्या दिवशी त्यांनी तिला मणी ओवायला दिले, गोष्ट सांगून ती उलट सांगायला लावली, टाळ्यांचा ठेका धरून तो परत वाजवायला सांगितला, अक्षरांच्या जोड्या लावायला दिल्या. गोष्ट तिने सरांपेक्षा चांगली सांगितली. अक्षरांपाशी तिचे डोळे पुन्हा वणवण करू लागले. 'घ' आणि 'ध' समोर ठेवून ती कितीतरी वेळ बघत राहिली आणि शेवटी खालच्या आवाजात म्हणाली, "सर, ही दोघं मला सारखीच वाटतात. मी ढ आहे ना?"

"नाही," सर म्हणाले. "नक्की काय आहेस ते शोधू आपण."

त्यांनी आईला बोलावून सांगितलं की नीट तपासणी करून घेऊ, आणि मग हिला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल. आईने घरी येऊन ते सांगितलं मात्र, बाबांनी हातातली पक्कड खाली आदळली. त्यांना मी आवाज चढवताना कधी ऐकलं नव्हतं. "माझ्या पोरीला डोकं नाही, असा शिक्का मारून घ्यायचा? उद्या सगळी शाळा वेडी म्हणेल तिला. काही नको. या वर्षी शाळेतून काढून टाकू." भिंगरी दाराआड उभी होती. तिने मला काढलं आणि उगाच पुसलं.

शाळेने दोघांनाही भेटायला बोलावलं. बाबा नाइलाजाने गेले, स्वच्छ शर्ट घालून, खिशात काळं घर ठेवून. मुलांच्या बुटक्या बाकांवर सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसले. बाई, पिशवीसर, आई, बाबा. भिंगरी बाबांना चिकटून, आणि मी तिच्या नाकावर.

बाईंनी पहिलीचं पुस्तक उघडून बाबांच्या समोर सरकवलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काकुळती होती. "हे बघा, हा पहिलीचा धडा आहे. हाही हिला वाचता येत नाही. तुम्हीच वाचून बघा ना, किती सोपा आहे! वाचा की."

बाबांचा हात खिशाकडे गेला. "चष्मा घरी राहिला," ते म्हणाले.

खिशात तर घर दिसत होतं. बाईंनी त्याच्याकडे बघितलं. सरांनी बघितलं. आईने मान खाली घातली. आणि भिंगरीने, बाबा अडचणीत आहेत एवढंच कळलेल्या त्या पोरीने, मला कानांवरून सोडवलं आणि पुढे केलं.

"माझा घ्या, बाबा."

बाबांनी मला घेतलं. नाही म्हणायला त्यांना वाव नव्हता, आणि तिच्या हातून आलेली वस्तू नाकारण्याची त्यांना सवयही नव्हती. माझ्या दांड्या त्यांच्या कानांपर्यंत पोचेनात. त्यांनी मला एका हाताने नाकावर धरून ठेवलं आणि पानाकडे पाहिलं.

तेव्हा मी तेच पुन्हा पाहिलं. नजर अक्षरावर टेकली आणि घसरली. पुन्हा टेकली, पुन्हा घसरली. तीच वणवण, तेच कष्ट, तोच घाम. फक्त हे डोळे थोराड होते आणि त्यांना याची जन्माची सवय होती. दोघांच्या डोळ्यांना मी इतक्या जवळून ओळखत होतो की शपथेवर सांगितलं असतं, ही एकाच घरातली माणसं आहेत.

"जमेल बाबा," भिंगरी त्यांच्या कानाशी म्हणाली. "नाही जमलं तर पुसा."

बाबांनी मला नाकावरून काढलं आणि हळूच तिच्या मांडीवर ठेवलं.

"चष्म्याचा काही संबंध नाही, बाई," ते म्हणाले. "मला वाचता येत नाही. कधीच आलं नाही. शाळेत फार मार खाल्ला, मग पळालो. हिचं मला पहिल्यापासून कळत होतं." त्यांनी खिशातलं काळं घर काढून बाकावर ठेवलं. "यातही चष्मा नाही. नुसतं वागवतो."

आई रडू लागली. बाई उठल्या, काय करावं सुचेना म्हणून फळा पुसू लागल्या. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पिशवीसर नाक शिंकरून म्हणाले, "दादा, हे पुष्कळदा आई-बापांकडून येतं, उंची येते तसं. डोक्याचा याच्याशी संबंध नाही. तुमच्यासारख्यांना कोणी वेळेवर ओळखलं नाही, एवढंच. हिला ओळखू या."

बाबांनी भिंगरीकडे पाहिलं. "मार नाही ना देणार?" त्यांनी विचारलं. चाळिशी गाठलेल्या माणसाने दुसरीतल्या पोराच्या आवाजात विचारलं. सरांनी नाही म्हटलं तेव्हा ते मान हलवून तपासणीला हो म्हणाले.

आधी डोळे तपासले गेले. या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी चित्रांचा तक्ता लावला. घर, छत्री, बदक. भिंगरीने शेवटच्या ओळीतलं बदकसुद्धा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. कोणी दिला हा चष्मा? काढून टाका, डोकं दुखेल उगाच."

मी ऐकलं. चष्म्याला याहून मोठी शिक्षा नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण मीही हेच सांगायला धडपडत होतो ना? मग तोंड कुठल्या तोंडाने पाडणार?

तिची अडचण, अक्षर दिसतं पण त्याची ओळख टिकत नाही, ही तपासणीतून नीट कळली, त्या अडचणीला नाव मिळालं. आता चष्मा काढायचा होता, तर भिंगरीने थयथयाट केला. मला दोन्ही हातांनी चेहऱ्यावर दाबून धरलं. "चष्मा नेऊ नका! चष्मा गेला की सगळे म्हणतील, आता वाच!"

आई समजावून थकली. पिशवीसर म्हणाले, "राहू दे की. काचा काढा, चौकट राहू दे. तिचं तिला वाटेल तेव्हा उतरवेल."

काचा काढल्या बाबांनी. त्याच छोट्या पेचकसाने, दुकानाच्या उंबऱ्यात बसून, भिंगरीला मांडीवर घेऊन. आता त्यांनी पाठ फिरवली नाही. काचा निघाल्या आणि माझ्यातून वारा आरपार गेला. तेव्हापासून मी असा आहे.

यानंतर सगळं झटपट गोड झालं असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही. सर आठवड्यातले त्यांचे दिवस यायचे, शिंकायचे, एकच अक्षर घेऊन बसायचे. ते बोटाने वाळूत काढायचं, हवेत काढायचं, मोठ्याने बोलत पाठीवर काढायचं. एखादी गोष्ट लागू पडायची, एखादी अजिबात नाही. रंगीत पट्ट्यांची एक पद्धत सरांना फार आवडायची, भिंगरीला तिने काडीचाही फायदा झाला नाही. शेवटी सरांनी ती पिशवीत परत घातली आणि म्हणाले, "चुकलं माझं." मोठ्या माणसाचंही चुकतं आणि त्याला कोणी रागवत नाही, हे भिंगरी डोळे मोठे करून बघत राहिली.

मग बाबांना काहीतरी सुचलं. त्यांनी सरांकडून कागदावर एक मोठं अक्षर काढून घेतलं आणि जाड तांब्याची तार त्याच्यावरून वळवली. टोकं घासून गुळगुळीत केली. तारेचं अक्षर हातात आलं. भिंगरी डोळे मिटून त्याच्यावरून बोट फिरवायची, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. बोट घसरत नव्हतं. तारेला धरून बरोबर जिथे वळायचं तिथे वळत होतं. 'घ' वेगळा लागला, 'ध' वेगळा लागला. रोज संध्याकाळी बाबा एक अक्षर वळवू लागले, आणि वळवता वळवता त्यांच्याही बोटांना ती अक्षरं पाठ झाली. आई जवळ बसून आवाज सांगायची. पूर्वी याच वेळी ती कागद वाचून दाखवायची आणि बाबा भिंतीकडे बघायचे. आता तिघांची डोकी एका तारेवर वाकलेली असायची. मी ते माझ्या रिकाम्या डोळ्यांनी पाहिलं आहे आणि काचेतून इतकं चांगलं कधी दिसलं नसतं.

सरांनी भिंगरीला एक वाक्यही शिकवलं. "पाळी आली की पुसत बसायचं नाही. सांगायचं, थांबा जरा, मला वेळ लागतो. एवढं म्हणायचा हक्क आहे तुला." बाईंनीही वर्गाला बजावलं की ती असं म्हणाली की सगळ्यांनी थांबायचं. मग भिंगरीची पाळी आली. तिचा हात माझ्याकडे आला आणि अर्ध्यावर थांबला. "थांबा जरा," ती म्हणाली. वर्ग थांबला. तिने एक ओळ वाचली. अडखळत, बाकावर बोटाने गिरवत, पण वाचली. पाठ केलेली नव्हती, चित्र नव्हतं. बाईंनी पुढच्या मुलाला सांगायलाही उशीर केला, कारण त्यांना खिडकीबाहेर बघावं लागलं.

आणि मग एका सकाळी भिंगरी मला घरी विसरली.

खाटेच्या कडेला मी पडून होतो. दार लागलं, तिची पावलं धावत गेली. मला वाटलं, परत येईल. ती आली नाही. संध्याकाळी आली ती थेट पायऱ्यांवर बसून बाबांना काहीतरी सांगत सुटली. चष्मा कुठे आहे हे तिने विचारलंच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. खऱ्या अर्थाने विसरलेला चष्मा त्या घरात मी पहिलाच. रडावं की हसावं ते मला कळेना. मला हवं तसं काम मी कधीच केलं नाही, पण माझी गरज संपली ती अशी, धावत्या पावलांनी. याहून चांगली कशी संपली असती?

बाबांनी मला उचललं. पेचकस, तार, पॉलिश पेपर दुसऱ्या खिशात गेले आणि काळ्या घरात मी गेलो. लहान मुलांचा चष्मा म्हणून नीट मावलो. आता मी त्यांच्या छातीशी असतो. त्यांच्या हृदयाचे ठोके मला ऐकू येतात, गिऱ्हाईक कागद पुढे करतं तेव्हा ते अजूनही जोरात पडतात.

काल एक म्हातारेबुवा पंप घेऊन आले होते. "यात काय लिहिलंय बघा बरं," म्हणून त्यांनी कागद पुढे केला. बाबांचा हात सवयीने खिशावर आला. माझ्यावर टेकला. मी वाट पाहिली. ठोके वाढले.

"थांबा जरा," बाबा म्हणाले. "मला वाचायला वेळ लागतो."

त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि तांब्याच्या तारेने काळवंडलेलं बोट पहिल्या अक्षरावर टेकवलं. बोट सावकाश सरकू लागलं. आत भिंगरी अभ्यासाला बसली होती, तिने मान वर करून ऐकलं. म्हातारेबुवांची चुळबुळ झाली. मग ते पायरीवर बसले आणि थांबले.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात एखादं पोर म्हणालं की दिसत नाही, पोटात दुखतं, चष्मा पुसायचाय, तर लगेच खरं मानू नका आणि लगेच खोटंही ठरवू नका. त्या म्हातारेबुवांसारखे पायरीवर बसा. थांबा जरा.